एक टोपण तेल

४ तारीख, सोमवार

मशीन आज घरी आलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजातला फिटर ते स्वतः ढकलत घेऊन आला. हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो म्हणून सगळे त्याला डुलकी म्हणतात, आणि तोही हाकेला ओ देतो. माझ्या मुलानं पात्याला धार लावायला मशीन त्याच्याकडे टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलाला ताप भरला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. मशीन महिनाभर तिकडेच पडून राहिलं. घरातला माणूस गेल्यावर गवत कापायच्या मशीनची आठवण कोणाला होते?

डुलकी दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "धार लावलीय, तेल बदललंय, सगळं ठीक आहे. आणि हा त्याचा डबा." पत्र्याचा एक रिकामा डबा माझ्या हातात दिला. कसला डबा विचारलं तर चष्मा पुसत बसला. "तुम्हाला माहीत असेल," म्हणाला. मला काही माहीत नव्हतं, पण मुलाची वस्तू, नको कशी म्हणणार? खिळे ठेवायला होईल.

ही वही का काढली ते लिहितो. मी छापखान्यात एकतीस वर्षं ऑइलमन होतो. पाळी संपली की वहीत लिहायचं: कुठल्या मशीनला किती तेल दिलं, कुठलं बेअरिंग गरम लागलं. निवृत्त झालो आणि वही सुटली, कारण घरात लिहावं असं काही घडत नव्हतं. आता घडलंय, तर त्यातलं एक अक्षर लिहवत नाही. म्हणून मशीनचंच लिहिणार आहे.

संध्याकाळी सहाला तेल घातलं. एक टोपण. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन नेहमीसारखं म्हणालो, "तेल घातलंय." आतून कोणी "बरं, अण्णा" म्हणालं नाही. सूनबाई भांडी घासत होती, नळ चालू होता.

५ तारीख, मंगळवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली, ती लिहून टाकतो. माझं आणि मुलाचं चार वर्षं धड बोलणं नव्हतं. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. एका घरात राहत होतो, शेजारी शेजारी बसून जेवत होतो.

मी साहेबांच्या हातापाया पडून त्याला छापखान्यात चिकटवला होता. अकरा महिन्यांत नोकरी सोडून आला आणि हे मशीन घेऊन अंगणात उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, मला उघड्यावर काम करायचंय." मी म्हणालो, "गवतच काढायचं होतं तर माणसाच्या जन्माला कशाला आलास? तेवढं गाढवही करतं." सूनबाई समोर होती, नात तिच्या कडेवर होती. तो एक शब्द बोलला नाही. मीही नंतर बोललो नाही. खाण तशी माती.

मग एका संध्याकाळी मशीन अंगणात उभं होतं. नुकतंच बंद केलेलं, निवताना टक टक वाजत होतं. मला तो आवाज ऐकवेना. माझ्या पाळीत मशीन कधी कोरडं राहिलं नाही. मी बाटली घेतली, एक टोपण भरून आत ओतलं, आणि घरात येऊन म्हणालो, "तेल घातलंय." तो जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "बरं, अण्णा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला मी एक टोपण घालतो. ऊन असो, पाऊस असो, एक दिवस चुकला नाही. पोरानं मात्र तेलाच्या बाटलीला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. पक्का बेफिकीर. मशीन चाललं ते माझ्या टोपणावर. सकाळी मी दूध घेऊन यायचो तेव्हा हा अंगणात बसून फडक्याला हात पुसत असायचा. काम सुरू व्हायच्या आधीच हात कसे माखतात, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

तेल घातलं. एक टोपण.

७ तारीख, गुरुवार

सूनबाईच्या भावाचा फोन आला. दर दोन दिवसांनी येतो. तिकडे चला, एक खोली रिकामी आहे, पोरीला शाळा जवळ आहे. भाऊ सज्जन आहे. त्याच्यावर राग धरायला जागा नाही, हाच त्रास आहे.

फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. "अण्णा, शाळेचं मैदान ह्यांच्याकडे होतं. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलंय, पंधरा तारखेला कापून द्याल का म्हणून. सोळाला मुलांचे सामने आहेत. नीट झालं तर वर्षभराचं काम आपल्याकडेच राहील."

"आणि मग?"

"मग आम्हाला जायची गरज नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर दादाकडे. दुसरा मार्ग नाही, अण्णा."

म्हणजे मशीन ती चालवणार. मी हसलो नाही, पण हसू आलं होतं हे कबूल करतो. दोरी ओढायला मनगटात जोर लागतो. तिनं बाह्या वर सारल्या, एक पाय मशीनवर रोवला, आणि दुसऱ्याच ओढीला इंजिन सुरू. मी चष्मा काढून पुसला.

नात पायरीवर बसून टाळ्या पिटत होती. ती एका जागी ठरत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणतो. मशीन बंद झाल्यावर विचारते, "आजोबा, हे आता शू करत नाही का?"

"शू? कोण?"

"मशीन. बाबा रोज सकाळी त्याला कुशीवर झोपवायचे, मग ते डब्यात शू करायचं. तुम्ही दुधाला गेलात की."

सहा वर्षांच्या पोरीला काय काय सुचतं! सूनबाईला सांगितलं तर ती ओठ दाबून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

या दोघी इथे राहिल्या पाहिजेत. इथे लिहितो, कारण तोंडानं मला ते म्हणता येणार नाही.

तेल घातलं. एक टोपण, काठोकाठ.

९ तारीख, शनिवार

शेजारच्या मोकळ्या जागेवर सराव चालला होता. तीन फेऱ्या छान झाल्या. चौथ्या फेरीला मशीन खोकलं आणि सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर सुटला. सूनबाईनं घाबरून बंद केलं.

डुलकीच्या गॅरेजला कुलूप. लेकीचे दिवस भरलेत म्हणून तिकडे गेलाय, सतराला येईल असं पानवाला म्हणाला. म्हणजे पंधरा तारखेपर्यंत आपला हात जगन्नाथ.

कारण मला ठाऊक आहे. चार वर्षांचं दुर्लक्ष कधी ना कधी बाहेर येणारच. पोरानं मशीन राबवलं, निगा ठेवली नाही. शिवाय महिनाभर तिकडे पडून होतं. तहानलेलं मशीन असंच खोकतं.

दोन टोपणं घातली.

१० तारीख, रविवार

आज प्लग काढला. काळा, ओला, तेलानं माखलेला. सूनबाईनं बोटावर घेऊन पाहिलं. "अण्णा, हा ओला का?" मी म्हणालो, तेल सगळीकडे नीट पोचतंय याची ती खूण आहे. तिनं मान डोलावली. पॉलिश पेपरनं घासून बसवला. दहा मिनिटं मशीन गुणी बाळासारखं चाललं, मग पुन्हा धूर.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पोरीचा हात चांगला आहे. पाना कसा धरायचा ते सांगावं लागत नाही. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "ह्यांच्याबरोबर जायचे की कधी कधी. अण्णा, तुम्हाला माहीतच नव्हतं?" नव्हतं माहीत. तो कुठे जातो, कुणाचं गवत कापतो, मी कधी विचारलं नाही.

दोन टोपणं.

११ तारीख, सोमवार

पेट्रोल बदललं. जुनं पेट्रोल शिळं होतं असं वाचनालयात एकानं सांगितलं. फरक शून्य. हवेचा फिल्टर उघडला तर आतला स्पंज तेलानं थबथबलेला. साबणानं धुतला, पिळला, वाळत घातला. भिंगरीनं तो कपड्यांच्या दोरीवर चिमटा लावून टांगला, तिच्या मोज्यांच्या शेजारी.

मशीनचा दम कमी झालाय. उंच गवतात शिरलं की रडतं. बिचाऱ्याकडे बघवत नाही. रागही येतो पोराचा. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण ज्याच्यावर कायम रागवायची सवय, तो गेला म्हणून सवय जाते का?

तीन टोपणं घातली. मागे ठेवलेली नवी बाटली फोडावी लागली.

१३ तारीख, बुधवार

आज सूनबाईशी जरा वाजलं. कार्बोरेटर साफ करून झाला, पाईप बघून झाले, सगळं करून झालं. ती अंगणात मांडी घालून बसली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, तेल जास्त तर होत नसेल ना?"

माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षं! माझ्या पाळीत एक बेअरिंग जळलं नाही. मोठमोठी मशीनं बंद पडली ती तेलावाचून, तेलानं कोणी मेलेलं मी पाहिलं नाही. मी ओरडलोच. "तेल मोजायची काडी काढून बघायची ती ज्याला तेल कळत नाही त्यानं! चार वर्षं मी रोज घालतोय. तेव्हा धूर आला होता का? सांग, आला होता?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "नव्हता आला. बरोबर आहे. बाकी सगळं बदललं, तेल तेवढं तसंच आहे. म्हणजे कारण तेल नाही."

समजूतदार आहे पोरगी. हिशेबी डोकं आहे. नीट विचार केला की माणूस बरोबर उत्तरावर येतो.

ओरडायला नको होतं.

तीन टोपणं.

१५ तारीख, शुक्रवार

मैदान गेलं.

मी बरोबर गेलो होतो. भिंगरीला शाळेत सोडून तिघं, म्हणजे ती, मी आणि मशीन, मागच्या फाटकातून आत शिरलो. मैदान मी प्रथमच पाहिलं. एवढं मोठं! एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसतो. हे सगळं तो एकटा कापत होता.

पहिली पट्टी सरळ गेली. दुसरीला धूर. तिसऱ्या पट्टीच्या मधोमध मशीन दोन आचके देऊन थांबलं, आणि खाली गवतावर तेलाचा काळा डाग पसरला. वर्गाच्या खिडक्यांमधून पोरं बघत होती. त्यांत आमचीही असणार. सूनबाई दोरी ओढत राहिली. पंधरा वेळा ओढली असेल, वीस वेळा. तळहाताची सालं निघाली. मी "थांब" म्हणालो तरी थांबेना.

मुख्याध्यापिका बाई आल्या. वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुमच्या मिस्टरांनी चार वर्षांत एकदाही मशीन बंद पडू दिलं नव्हतं. पण उद्या सामने आहेत, मला थांबता येणार नाही." दुपारपर्यंत दुसरा माणूस मोठं मशीन घेऊन आला. पुढचं कामही त्यालाच.

परत येताना सूनबाई मशीन ढकलत होती, मी बाजूनं चालत होतो. मला पोराला एकच म्हणायचं होतं: बघ, तू ठेवलेल्या मशीननं तुझ्या बायकोला कसं तोंडघशी पाडलं. मनात म्हणालो, मोठ्यानं नाही.

सहाला बाटली घेऊन उभा राहिलो आणि चार टोपणं घातली. दुसरं काय करणार होतो?

१६ तारीख, शनिवार

तिनं भावाला फोन केला. गुरुवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

भिंगरी विचारते, "आजोबा, तुम्ही कुठल्या खोलीत राहणार तिकडे?" मी म्हटलं, मी इथेच. घर कोण बघणार? ती म्हणाली, घराला डोळे आहेत का बघायला. मग स्वतःच्याच विनोदावर खूप हसली.

१७ तारीख, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डुलकी परत आला. लेकीला मुलगा झालाय, पेढ्याच्या ऐवजी मला बिस्किट दिलं. मशीन मी स्वतः ढकलत नेलं होतं. खरं सांगतो, दुरुस्तीसाठी नेलं नव्हतं. मला डुलकीच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरानं हयगय केली. एकदा कोणीतरी म्हणावं, अण्णा, चूक तुमची नव्हती.

त्यानं दोरी ओढली नाही, प्लगला हात लावला नाही. तेलाची काडी काढली, पुसली, परत आत घातली, आणि काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. काडीला दोन खुणा असतात. तेल त्या खुणांमध्ये असावं लागतं. इथे दोन्ही खुणा बुडून तेल अर्ध्या काडीपर्यंत चढलं होतं.

"कोणी घातलं एवढं?"

"मी. रोज घालतो."

"अजूनही?" त्यानं काडी खाली ठेवली.

मी छापखान्याचं सुरू केलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "अण्णा, तुमची मशीनं उघडी होती. वरून तेल घालायचं, ते खालून गळून जायचं, म्हणून रोज घालावं लागायचं. याचं पोट बंद आहे. घातलं ते आतच राहतं. जास्त झालं की आतला दांडा ते घुसळतो, फेस होतो, ते वर चढतं आणि जळतं. धूर त्याचा, प्लग त्यानं ओला, फिल्टर त्यानं भिजला. दुसरं काही झालेलं नाही."

आणि मी काय म्हणालो? पत्त्यांचा डाव जिंकल्यासारखं म्हणालो, "मग चार वर्षं कसं काही झालं नाही?"

डुलकी उठला, आतल्या फळीवरून तीन पत्र्याचे डबे आणून माझ्यासमोर ठेवले. मला दिला होता तसलेच. एकाचं झाकण काढलं. आत तेल होतं, मधाच्या रंगाचं, जवळजवळ नवं.

"दर महिन्याला एक आणून द्यायचा. मी साखळ्यांना वापरतो, संपता संपत नाही. मी एकदा विचारलं, एवढं चांगलं तेल काढून का टाकतोस रे? म्हणाला, संध्याकाळी अण्णा घालतात, सकाळी ते दुधाला गेले की मी काढतो. मी म्हटलं, वेड्या, सांग की त्यांना." डुलकीनं डबा पुढे सरकवला. "तर म्हणाला, दिवसभरात ते माझ्याशी एकच वाक्य बोलतात, काका. तेवढंही बंद करू का?"

गॅरेजात कोणीतरी पंप मागायला आलं. डुलकीनं त्याला हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं.

मी डब्याचं झाकण परत लावलं. मग विचारलं, "मला त्या दिवशीच का नाही सांगितलंस? डबा दिलास तेव्हा?"

"मला वाटलं तो गेल्यावर तुम्ही कोणासाठी घालाल?"

चार वर्षं. रोज सकाळी. मी त्याच्या माखलेल्या हातांकडे बघून मनात आळशी म्हणत आलो. भिंगरीनं सांगितलं होतं, अगदी सरळ सांगितलं होतं. मी हसलो होतो.

डुलकीनं तेल काढलं, नवं घातलं, खुणेपर्यंत. प्लग पुसला. एका ओढीला मशीन सुरू झालं. धूर नाही, खोकला नाही. मला ते चालू असताना बघवेना.

१८ तारीख, सोमवार

तेल घातलं नाही. सहाला अंगणात उभा राहिलो आणि परत आत आलो.

१९ तारीख, मंगळवार

सूनबाईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलाचा एक शर्ट हातात धरून उभीच राहिली.

"मला वाटायचं, ते सकाळी अंगणात चोरून सिगरेट ओढतात," ती म्हणाली. "रोज कपड्यांचा वास घ्यायचे मी. रोज तेलाचा वास. म्हटलं, तेलानं सिगरेटचा वास लपवतात की काय." ती हसायला लागली आणि हसता हसता शर्टात तोंड खुपसून रडली. मी उभाच. डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, हात उचलला गेला नाही.

मग मी म्हणालो, "मैदान माझ्यामुळे गेलं."

ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली नाही. "हो, अण्णा. खोटं कशाला बोलू? पण मीही विचारलं होतं. तुम्ही ओरडलात आणि मी गप्प बसले. काडी काढून बघायला किती वेळ लागतो? ते गप्प, मी गप्प, तुम्ही गप्प. या घरात सगळे एकमेकांचा मान राखून गप्प बसतात."

मी म्हणालो, "राहा." एवढंच निघालं. तयारी जास्त शब्दांची केली होती.

तिनं शर्टाची घडी पूर्ण केली. "काल बाईंना परत भेटून आले. काम दिलं गेलंय. इथे दुसरं मैदान नाही. दादाच्या तिकडे दोन बागा आहेत, तो बोललाय मालकांशी. मशीन नेते मी." मग म्हणाली, "हे तुम्ही सात तारखेला म्हणाला असता तरी मला बरं वाटलं असतं."

सात तारखेला मी ते वहीत लिहिलं होतं. वही तिला दाखवावीशी वाटली. दाखवली नाही.

२१ तारीख, गुरुवार

गेल्या.

भाऊ सकाळीच आला. भारी माणूस, माझ्या पाया पडला, मला तिकडे चला म्हणून तीनदा म्हणाला. मी नको म्हटलं. त्याच्या घरी जाऊन तरी मी काय गप्पच बसणार. सामान फार नव्हतंच. भिंगरीनं मला तिचा एक मोजा दिला, आठवण म्हणून. एकच दिला, दुसरा तिच्याकडे, म्हणजे जोडी पूर्ण करायला मला यावं लागेल.

शेवटी मशीन. भाऊ आणि ड्रायव्हर उचलणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "थांबा." आत गेली आणि तेलाची बाटली घेऊन आली. माझ्यापुढे धरली.

"अण्णा, तेल घाला."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, "अगं, भरलेलं आहे. खुणेवर आहे, मी पाहिलंय. जास्त होईल."

"होऊ दे. उद्या सकाळी मी काढीन."

भाऊ बघतच राहिला. त्याला काय कळणार? मी बाटली घेतली. टोपण भरताना निम्मं माझ्या बोटांवरून खाली गेलं. पुन्हा भरलं. ओतलं. झाकण लावलं. ती मागे गेली होती, घराच्या पायरीशी, मुद्दाम. मी चार पावलं चालत तिच्यापर्यंत गेलो.

"तेल घातलंय," मी म्हणालो.

"बरं, अण्णा."

त्याच्यासारखंच म्हणाली. आवाज वेगळा, पण तितकंच हळू.

टेम्पो वळला तरी मी हात हलवला नाही, कारण एका हातात बाटली होती आणि दुसऱ्यात टोपण. आत आलो तेव्हा घरात कुणीच नव्हतं. खिळ्यांचा डबा रिकामा केला, आतून पुसला, आणि खिडकीत ठेवला. मग खुर्चीवर बसून रडलो. तो गेला तेव्हा असं रडलो नव्हतो. तेव्हा मला वाटत होतं की आपलं त्याच्याशी काही देणंघेणंच उरलेलं नव्हतं.

२२ तारीख, शुक्रवार

सकाळी दूध आणलं. अंगणात कोणी हात पुसत बसलेलं नव्हतं. दूध तापायला ठेवलं आणि फोन वाजला.

"अण्णा, तेल काढलंय."

"किती?"

"एक टोपण. डब्यात ठेवलंय. भिंगरी म्हणते, मशीननं शू केली."

मी म्हणालो, "बरं, पोरी."

एरवी मी इथेच फोन ठेवला असता. तिकडे तीही ठेवायला निघाली होती, मला कळलं. मी घाईनं म्हणालो, "आज कुठे आहे काम?"

मग ती सांगायला लागली. कुठली बाग, केवढी, कडेला कारंजं आहे, तिथे मशीन फिरवता येत नाही, हातानं कापावं लागणार. मी विचारत गेलो. गवत किती उंच आहे? सावली आहे का? पाणी कुठून पितेस? मला विचारायला इतकं असेल असं मला वाटलं नव्हतं. मुलालाही हेच विचारता आलं असतं. त्यानं सगळं सांगितलं असतं.

दूध उतू गेलं. शेगडी पुसायची राहिलीय.